मोजपट्टीने घडवलेल्या नौका

शर्यतीच्या जुन्या शिडाच्या नौकांवर जे लेखन आढळते, त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो. लांबसडक देह, पाण्याबाहेर पुढेमागे झेपावलेली निमुळती टोके, आभाळ झाकणारे शीड असे एक छायाचित्र असते. खाली 'विज्ञान आणि कला यांचा संगम' अशी ओळ असते. हे कौतुक खोटे नाही, पण अपुरे आहे. या नौकांचे आकार वारा आणि पाणी यांनी जितके ठरवले, तितकेच ते मोजमापाच्या नियमांनीही ठरवले. तो भाग गाळला, की नियमातली पळवाटसुद्धा निसर्गनियम वाटू लागते.

मुळात नियमाची गरज का पडते? नौका चालताना पाण्यावर लाटा उठवते. वेग वाढतो तशी या लाटांची लांबी वाढते. एका लाटेची लांबी पाण्यातल्या नौकेच्या लांबीइतकी झाली, की नौका जणू स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते आणि पुढे वेग वाढवणे फार महाग पडते. खोल पाण्यात लाटेचा वेग (मीटर प्रतिसेकंद) हा लांबीच्या (मीटर) वर्गमुळाच्या सुमारे १.२५ पट असतो. म्हणजे जड नौकांमध्ये लांब नौका मुळातच वेगवान. लहानमोठ्या नौकांची शर्यत न्याय्य व्हायची, तर प्रत्येकीचा एक आकडा काढून लहान नौकेला वेळेची सूट देणे भाग होते. प्रश्न एवढाच, की हा आकडा कशावरून काढायचा?

इंग्लंडमध्ये १८५५ साली थेम्स नदीवरच्या नौका-मंडळाने एक सूत्र स्वीकारले. लांबीतून रुंदी वजा करा, तिला रुंदीने आणि पुन्हा निम्म्या रुंदीने गुणा आणि ९४ ने भागा. आले नौकेचे 'टन'. यात खोली कुठेच मोजलेली नाही! खोलीच्या जागी निम्मी रुंदी धरली आहे. मग रुंदी कमी करून खोली वाढवणे आणि तळाला शिसे बांधून तोल राखणे, हा सरळ फायद्याचा मार्ग झाला. पुढे सूत्र बदलले: लांबी अधिक रुंदी, त्याचा वर्ग, गुणिले रुंदी, भागिले १७३०. तरी खोली मोकळीच राहिली. नौका उभ्या ठेवलेल्या फळीसारख्या होत गेल्या.

याचे टोक म्हणजे १८८६ सालची 'ऊना'. पाण्याच्या रेषेवर लांबी सुमारे ३४ फूट, रुंदी अवघी साडेपाच फूट. सूत्रात हे आकडे घालून पाहा: ३९.५ चा वर्ग गुणिले ५.५ भागिले १७३० म्हणजे ४.९६. पाच टनांच्या गटात ती चपखल बसते. ही नौका पहिल्याच सफरीत आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तिचा रचनाकार पेटन आणि खलाशी बुडाले. त्या वादळात रुंद नौका तरली असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण समुद्राचा विचार करून कोणी अशी नौका बांधली नसती, एवढे निश्चित म्हणता येते. तिची रुंदी समुद्राने नव्हे, भागाकाराने ठरवली होती.

त्यानंतर इंग्लंडने डिक्सन केंप यांचे सूत्र घेतले: पाण्याच्या रेषेवरील लांबी गुणिले शिडाचे क्षेत्रफळ, भागिले ६०००. रुंदीवरचा दंड गेला आणि नौका पुन्हा सुदृढ झाल्या. १८९३ साली वॉटसन यांनी रचलेली 'ब्रिटानिया' १९३५ पर्यंत शर्यतीत उतरत होती. अमेरिकेतही लांबी आणि शीड हीच दोन मापे घेणारे सूत्र होते: पाण्याच्या रेषेवरील लांबीत शिडाच्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ मिळवायचे आणि बेरीज निम्मी करायची. पण चांगला नियमही म्हातारा होतो. लांबी मोजली जाई ती नौका स्थिर आणि सरळ उभी असताना; शर्यतीत मात्र ती वाऱ्याने कललेली असते. टोके लांब व सपाट ठेवली, तर कलताच ती पाण्यात उतरतात आणि न मोजलेली लांबी कामाला येते.

नॅथॅनिएल हेरशॉफ यांनी १९०३ साली अमेरिका चषकासाठी रचलेली 'रिलायन्स' ही या युक्तीची परिसीमा. टोकापासून टोकापर्यंत सुमारे १४४ फूट, पण पाण्याच्या रेषेवर ८९.७ फूट, कारण मर्यादा ९० ची होती. शीड १६,१६० चौरस फूट. वर्गमूळ १२७.१, म्हणून आकडा १०८.४. सरळ उभी असताना तिची २७.३ मीटर लांबी ताशी सुमारे २३.५ किलोमीटर वेगाची मर्यादा घालते. समजा, कलल्यावर लांबी ३५ मीटर झाली, तर तीच मर्यादा २६.६ वर जाते. 'रिलायन्स'ने तिन्ही शर्यती जिंकल्या. मात्र ती एकच हंगाम धावली आणि १९१३ साली मोडीत निघाली.

हेरशॉफ यांचा खरा मोठेपणा मला या विजयात दिसत नाही. स्वतः ज्या नियमाचा सर्वाधिक फायदा घेतला, त्याच्या जागी नवे सूत्र त्यांनीच सुचवले. त्यात लांबी आणि शीड यांच्या जोडीला नौकेचे वजनही आले, आणि तेही भाजकात. म्हणजे वजनदार, भरीव नौकेला बक्षीस. १९३० ते १९३७ मध्ये बांधलेल्या 'जे' वर्गाच्या दहा नौका याच सूत्राच्या. त्यांतली 'रेंजर' तर टाकीतल्या पाण्यात प्रतिकृती ओढून, मोजमापे घेऊन निवडलेल्या आकाराची होती. तरीही या नौका इतक्या अवाढव्य आणि खर्चिक होत्या, की त्यांचे युग दहा वर्षेही टिकले नाही. खर्च कोणत्याच सूत्रात नव्हता.

तेव्हा या नौकांचे मूल्यमापन करताना 'नियमांनी सौंदर्य बिघडवले' अशी हळहळ उपयोगाची नाही. नियमाशिवाय शर्यतच नाही. नियमाची कसोटी वेगळी आहे. जो कोणी त्याचा पुरेपूर फायदा उठवील, त्याच्या हातून वस्तू चांगली घडते की वाईट? या कसोटीवर थेम्सचे सूत्र नापास होते. लांबी आणि शीड यांचे सूत्र काही वर्षे उत्तीर्ण होते आणि मग घसरते. वजन धरणारे सूत्र सर्वांत सरस ठरते.

हे वर्गात करून पाहता येईल. मुलांना सांगा: होड्या बनवा, घमेल्यातल्या पाण्यात जी जास्त वजन तोलेल ती जिंकेल, पण होडीची लांबी वीतभरच हवी. आठवड्याने आलेल्या होड्या पाहा. बहुतेक फुगीर, रुंद, ताटासारख्या असतील. मग त्याच मुलांना विचारा, की नियमात काय बदलायला हवे. आणि ती चर्चा रंगात आली, की आपल्या शाळेतल्या गुणपत्रिकेत काय मोजले जाते, काय मोकळे राहते, हा प्रश्न कोणीतरी विचारीलच. त्याचे उत्तर तयार ठेवलेले बरे.