महानगर-नियोजनाच्या परिभाषेतील ‘समन्वय’

शेजारी असलेल्या स्थानिक संस्थांनी घरबांधणी, पाणीपुरवठा व वाहतूक यांचा विचार एकत्रितपणे करावा, हे तत्त्व महाराष्ट्रात नवे नाही. १९६५ साली नेमलेल्या गाडगीळ समितीने मुंबई व पुणे या प्रदेशांसाठी नियोजन मंडळे सुचविली आणि १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने त्या सूचनेला कायद्याचे रूप दिले. पुढे १९७४ च्या अधिनियमान्वये मुंबईसाठी विकास प्राधिकरण आले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली व १९९९ मध्ये राज्याने तीसंबंधी स्वतंत्र कायदा केला. मंडळ, प्राधिकरण आणि समिती या तीन संज्ञा केवळ पर्यायी नावे नव्हेत. शेजारधर्माविषयीच्या तीन भिन्न कल्पना त्यांत अनुस्यूत आहेत.

‘समिती’ या शब्दात ‘सम्’ हा उपसर्ग व ‘इ’ हा गमनार्थक धातू आहे. एकत्र येणे हा त्याचा मूलार्थ होय. घटनेतील तरतूदही या अर्थाशी सुसंगतच आहे. समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावयाचे असतात, आणि पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी हा तिच्या विचाराचा विषय मानला आहे. ‘प्राधिकरण’ या शब्दात मात्र ‘अधिकार’ प्रधान आहे. त्यात कोणी एकत्र येण्याची अपेक्षा नाही. व्यवहारात दुसऱ्या शब्दाने पहिल्यावर मात केली. मुंबई महानगर प्रदेशाची २०१६ ते २०३६ या काळाची प्रादेशिक योजना तयार केली ती प्राधिकरणाने.

याच स्थित्यंतराचे प्रतिबिंब नियोजनाच्या गद्यात पडले आहे. ‘समन्वय साधण्यात येईल’, ‘पाणी उपलब्ध करून देण्यात येईल’ यांसारख्या वाक्यांत कर्ता लुप्त असतो. शासकीय मराठीत ही रचना इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील उणीव सहसा जाणवत नाही. विभक्तिप्रत्ययांची साक्षही उद्बोधक आहे. सहकार्य हे कोणा‘शी’ तरी करावयाचे असते. नियोजनाच्या भाषेत मात्र शेजारी गाव बहुधा ‘ला’ किंवा ‘कडून’ या रूपांनीच अवतरते. त्या‘ला’ मोबदला द्यावयाचा असतो, त्याच्या‘कडून’ जमीन घ्यावयाची असते. संवादाचा ‘शी’ हा प्रत्यय तेथे क्वचितच आढळतो.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट आहे, असा आक्षेप येणे संभवते. परंतु पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेचे उदाहरण पाहावे. नगराच्या दृष्टीने तो पाणीपुरवठ्याचा प्रश्न होता. मावळातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो नदीच्या वाहत्या पाण्यावरील हक्काचा होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे या योजनेविरुद्ध आंदोलन चालू असता पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा मृत्यू झाला. ‘पाणी नेण्यात येईल’ या वाक्यात ज्याला स्थान नव्हते, तो अखेर महामार्गावर उभा राहिला. भातसा व तानसा हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हा विरोधही त्याच जातीचा आहे.

प्राधिकरणाच्या बाजूनेही काही सांगता येण्यासारखे आहे. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड वसई-विरार अथवा कल्याण-डोंबिवलीत, असा लक्षावधी लोकांचा दिनक्रम आहे. अशा ठिकाणी प्रत्येक पालिकेच्या संमतीची वाट पाहिली, तर एकही मोठा मार्ग पुरा होणार नाही, ही भीती अगदीच निराधार नव्हे. तथापि सहकार्य म्हणजे विलंब, हे समीकरण सर्वत्र खरे ठरत नाही. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांनी शहाड-टेमघर योजनेचा पाणीपुरवठा एका संयुक्त कंपनीमार्फत चालविला आहे. तेथे भागीदार कोण हे नावानिशी ठाऊक असते; वाटा कोणाचा, तक्रार कोणाविरुद्ध, हे विचारता येते.

शब्द बदलल्याने सत्ता बदलते असे नव्हे. पण सत्ता कोठे आहे हे शब्दांवरून ओळखता येते. म्हणून प्रादेशिक योजनेच्या कोणत्याही मसुद्याचे परीक्षण करताना क्षेत्रफळ व खर्च यांच्या आकड्यांबरोबर त्यातील वाक्यांचे कर्तेही मोजावेत. ज्या मसुद्यात ‘कोणी’ व ‘कोणाशी’ या दोन प्रश्नांना उत्तर मिळत नाही, त्यातील ‘समन्वय’ हा शब्द पोकळ समजावा. घटनेने अपेक्षिलेली समिती कागदावरून व्यवहारात आणावयाची असेल, तर मावळातल्या व शहापुरातल्या पंचायतींना त्या वाक्यात प्रथमा विभक्तीचे स्थान द्यावे लागेल.