साहाय्याने उच्चारलेला ‘मी’ : साक्ष, संहिता आणि अधिकारिता

दलित आत्मकथनांनी मराठी समीक्षेला एक गोष्ट मान्य करावयास लावली. ज्याने अन्याय सोसला त्याचे प्रथमपुरुषी निवेदन हा साहित्याचा केवळ कच्चा माल नसतो. त्या निवेदनाला स्वतःची अधिकारिता असते. परंतु ही अधिकारिता स्वीकारताना एक अट आपण न तपासताच गृहीत धरली. निवेदन करणारा ‘मी’ एकटा, सलग आणि स्वतःच्या भाषेवर ताबा असलेला असावा, ही ती अट होय. ज्या व्यक्तीला आपल्यावरील अत्याचार सांगण्यासाठी खुणांचा अर्थ लावणारा, प्रश्न सोपा करून विचारणारा, पुन्हा पुन्हा ऐकून घेणारा असा दुसरा कोणी लागतो, तिचे कथन या अटीत बसत नाही. अशा ‘मी’ची प्रतिष्ठा कशी ठरवावयाची, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. निमोणे, न्हावरे ही गावे ज्या तालुक्यात आहेत त्या शिरूर येथील शासकीय निवासगृहातील दहाहून अधिक मतिमंद स्त्रियांची (तेव्हाची रूढ संज्ञा हीच) गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी विरोध केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. डॉ. अनंत फडके व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. या प्रकरणाकडे एक संहिता म्हणून पाहिले, तर तिची रचना विलक्षण दिसते. डॉक्टर बोलतात, खाते बोलते, कार्यकर्ते बोलतात, वृत्तपत्रे बोलतात. ज्यांच्या शरीराविषयी हे सारे बोलणे चालले आहे, त्या स्त्रिया मात्र वाक्यात सर्वत्र कर्मस्थानी राहतात. समर्थन आणि निषेध यांच्या भूमिका परस्परविरोधी असल्या, तरी व्याकरण एकच आहे.

निषेध करणाऱ्यांनी त्या वेळी मांडलेला एक मुद्दा मात्र या व्याकरणाच्या पलीकडे नेणारा होता. गर्भाशय काढल्याने लैंगिक अत्याचार थांबत नाही. थांबते ती केवळ गर्भधारणा, म्हणजे अत्याचाराचा पुरावा. जिच्या शब्दाला कोणी शब्द मानत नाही, तिच्या बाबतीत शरीर हीच शेवटची साक्ष उरते. तीही काढून घेतली, की ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

साहित्यातील चित्र फारसे निराळे नाही. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाला मराठी रंगभूमीच्या मध्यभागी आणले, हे त्या नाटकाचे ऋण निर्विवाद आहे. तरीही त्यातील नाट्य आईवडिलांच्या यातनेचे आहे. मुलगा त्या यातनेचे कारण म्हणून रंगमंचावर वावरतो. दुसरीकडे नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’सारख्या आत्मकथनाने शारीरिक अपंगत्वाला प्रथमपुरुष मिळवून दिला. ज्याला स्वतः लिहिता येते त्याच्यासाठी दार उघडले. ज्याला साहाय्य लागते तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

साहाय्य आले की कर्तृत्व संपते, या समजुतीला आपल्या परंपरेचा आधार मात्र नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या रचना घरातल्यांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने आल्या. लिहिणारा हात निराळा होता म्हणून ती कविता बहिणाबाईंची नव्हे, असे कोणी म्हणत नाही. येथे एक आक्षेप संभवतो. बहिणाबाईंची रचना मुखात पूर्ण झालेली होती. मतिमंद व्यक्तीचे निवेदन अनेकदा विचारणाऱ्याच्या प्रश्नांतूनच आकाराला येते. आक्षेप रास्त आहे. त्यावरील उत्तर आपल्या आद्य गद्यग्रंथात सापडते. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ ज्यांनी पाहिले, ऐकले त्यांना विचारून सिद्ध केले. त्या ग्रंथाच्या परंपरेत एका लीळेचे भिन्न पाठ ‘वासना’, ‘शोधु’ म्हणून ज्याच्या त्याच्या नावे नोंदवलेले आढळतात. विचारणारा आणि आठवणारा यांची सरमिसळ झाकलेली नाही, ती संहितेत दाखवली आहे. विश्वासार्हता एकट्या आवाजातून नव्हे, तर मध्यस्थाच्या दृश्यतेतून आलेली आहे.

आश्चर्य असे, की समीक्षेने जे ओळखले नाही ते कायद्याने काही अंशी ओळखले. २०१३ च्या दुरुस्तीने, ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही त्याची साक्ष दुभाषा किंवा विशेष शिक्षक यांच्या साहाय्याने घ्यावी आणि तिचे चित्रमुद्रण करावे, असे ठरवले. हे चित्रमुद्रण म्हणजे मध्यस्थाला दृश्य करणेच होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने छळापासून संरक्षण आणि न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. २०२१ साली पतन जमाल वली खटल्यात एका अंध स्त्रीच्या साक्षीचा विचार करताना, अपंगत्वामुळे साक्ष दुबळी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

कायद्याने दिलेली जागा भाषेने भरावी लागते, आणि खरी अडचण तेथे आहे. निवासगृहात वाढलेल्या व्यक्तीला पहिला धडा मिळतो तो ‘हो’ म्हणण्याचा. मराठीत ‘शहाण्यासारखे वाग’ याचा अर्थ ‘सांगितले तसे कर’ असाच होतो. शहाणपण आणि आज्ञाधारकपणा यांना आपण एकच शब्द दिला आहे. अशा व्यक्तीला ‘अमक्याने तुला मारले का?’ असे विचारले, तर मिळणारा होकार हा सवयीचा असू शकतो, आणि नकारही भीतीचा. म्हणून साहाय्य साक्षीच्या क्षणी सुरू होऊन चालत नाही. शरीराच्या अवयवांची नावे, ‘मला नको’ हे वाक्य, संस्थेबाहेरचा एक विश्वासू श्रोता, ही सामग्री आधी हाती असावी लागते. त्या संस्थेचाच नोकर दुभाषा असेल, तर साहाय्य आणि प्रतिनिधित्व यांतील सीमारेषा पुसली जाते.

गायत्री स्पिव्हाक यांनी १९८८ साली विचारलेला, अंकितजन बोलू शकतात का, हा प्रश्न मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या व्यवस्थेविषयीचा होता. तो येथे अधिक नेमका करता येतो. साहाय्याने आलेल्या प्रत्येक निवेदनाला समीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत : मध्यस्थ कोण आहे, त्याचे प्रश्न संहितेत दिसतात का, आणि बोलणाऱ्याला त्याला खोडून काढण्याची मुभा होती का? तिसरा प्रश्न निर्णायक होय. ज्या संहितेत साहाय्य घेणारा साहाय्य करणाऱ्याला ‘तसे नाही’ म्हणू शकतो, तेथे ‘मी’ आहे, मग तो कितीही तुटक असो. शिरूरच्या स्त्रियांना ‘नाही’ म्हणता आले असते का, हे विचारण्याआधी, ते ‘नाही’ ऐकू येईल असा कान आपल्या वाचनपद्धतीने घडवला होता का, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.