जमिनीचा फोटो कोणत्या महिन्याचा?

पश्चिम कॅन्सस. जमिनीपासून तीन हजार फुटांवरून सेसना १७२ चाललं आहे. खाली सगळा प्रदेश चौकोनांत कापलेला, आणि चौकोनाचौकोनांत हिरवीगार वर्तुळं. चौकोन आहेत ते १७८५च्या जमीनवाटपाच्या कायद्याने आखून दिलेले, मैल लांब आणि मैल रुंद. त्यांच्या कडेने रस्ते थेट उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम धावतात, म्हणून होकायंत्राकडे न बघताही वैमानिकाला दिशा कळते. वर्तुळं ही शेतं आहेत. मध्यभागी खिळलेली लांबलचक नळी चाकांवर गोल फिरत पाणी देते आणि साधारण आठशे मीटर व्यासाचं पीक भिजतं. हे सगळं मी संगणकाच्या पडद्यावर पाहतो आहे, पण खालचा प्रत्येक चौकोन खरा आहे. तो फोटो आहे.

फ्लाइट सिम्युलेटरच्या दुनियेत याला फोटोसीनरी म्हणतात. मूळ खेळात सगळ्या जगाची जमीन ठराविक नमुन्यांची असते : इथे शेती, इथे जंगल, इथे शहर. २००६च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये तेच तेच तुकडे फिरवून फिरवून अंथरलेले दिसत. फोटोसीनरी ते तुकडे काढते आणि त्या जागी प्रत्यक्ष ऑर्थोफोटो घालते, म्हणजे कॅमेऱ्याच्या तिरकेपणामुळे आणि डोंगरांच्या चढउतारामुळे आलेली ओढाताण गणिताने काढून टाकलेला, नकाशासारखा सरळ केलेला फोटो. ‘मेगासीनरी अर्थ’ने अमेरिका राज्याराज्याने विकायला काढली, फ्रान्स आणि जर्मनीचे प्रदेशवार संच आले, ‘ऑर्बक्स’ने ट्रूअर्थ या नावाने नेदरलँड्स आणि ब्रिटनचे संच केले. आणि एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांपाशी ‘ऑर्थोफोरएक्सपी’ आहे. घरबसल्या, ऑनलाइन नकाशांवरून, एक अंश बाय एक अंश अशा तुकड्यांनी, हवा तो मुलूख आपला आपण करून घ्यायचा.

यांतला कोणताही संच घेताना लोक आधी विचारतात, एका पिक्सेलमध्ये किती मीटर? रास्त प्रश्न आहे. पण माझ्या मते आधी विचारायला हवं ते हे : फोटो कोणत्या महिन्याचा, आणि तो कोणी, कशासाठी काढला? दोन देशांच्या फोटोसीनरीत जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा या प्रश्नाच्या उत्तरातून येतो.

कॅन्ससची वर्तुळं इतकी हिरवी का, याचं उत्तर कृषी खात्याकडे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००३मध्ये देशभरच्या शेतजमिनीचे विमानातून फोटो काढण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. आधी एका पिक्सेलला एक मीटर, पुढे साठ सेंटिमीटर. पिकं उभी असताना, झाडांना पानं असताना फोटो घ्यायचे हा त्याचा नियम, कारण उद्देशच शेतात काय पेरलंय ते पाहण्याचा. हे फोटो जनतेच्या मालकीचे, कोणीही घ्यावेत, विकावेत. म्हणून अमेरिकेची फोटोसीनरी स्वस्त, विपुल आणि कायम उन्हाळ्यातली. नेब्रास्कात मका गुडघ्याच्या वर आलेला असतो. गंमत कॅलिफोर्नियात होते. तिथला पाऊस हिवाळ्यातला, त्यामुळे तिथल्या टेकड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्या असतात आणि उन्हाळ्यात वाळून पिवळ्याधमक होतात. कृषी खात्याचं विमान उन्हाळ्यात येणार, म्हणून पडद्यावरचा कॅलिफोर्निया सदैव पिवळा. शेतकऱ्यासाठी काढलेला फोटो वैमानिकाच्या नजरेसमोर आला की असा एक ऋतू कायमचा गाळला जातो.

ब्रिटनची गोष्ट निराळी. सिम्युलेटरला मिळालेले तिथले हवाई फोटो कंपन्यांनी विक्रीसाठी काढले. सहस्रक बदलाच्या सुमारास ‘गेटमॅपिंग’ने अख्ख्या देशाचं चित्रण केलं आणि त्यावर सिम्युलेटरचे सुरुवातीचे ब्रिटिश संच उभे राहिले. इंग्लंडचं शेत लहान, वाकडंतिकडं आणि कुंपणाच्या झुडपांनी वेढलेलं. दर दोन-तीन मैलांवर चर्चचा मनोरा असलेलं गाव. खालच्या खुणा बघत उडणाऱ्याला यापेक्षा वाचनीय जमीन मिळायची नाही. पण देश ढगाळ. विमानाला निरभ्र दिवस मिळतील तसे पट्टे जोडत जावं लागतं. म्हणून जुन्या संचांत मध्येच एक सरळ रेष यायची : रेषेच्या अलीकडे मोहरीच्या जातीचं पिवळंजर्द पीक, म्हणजे मे महिना, पलीकडे कापणी झालेली फिकट खुंटं, म्हणजे ऑगस्ट. एका विमानपट्टीच्या दोन टोकांना दोन ऋतू. त्या रेषेवर पुष्कळांनी राग काढला आहे. मला ती आवडते. ती प्रामाणिक आहे.

ट्रूअर्थने हे शिवण पुसून टाकलं. रंग सारखे केले, फोटोतल्या झुडपांच्या ओळींवर खरोखरीची त्रिमितीय झाडं उभी केली, घरं त्यांच्या त्यांच्या जागी बसवली. जुन्या फोटोसीनरीचा मोठा दोष हा, की हजार-दीड हजार फुटांच्या खाली उतरलं की सगळं सपाट दिसे, छपरं जमिनीला चिकटलेली. तो दोष इथे गेला. त्यांच्या संचातून डेव्हनवरून कमी उंचीवर उडणं हा या छंदातला एक खरा आनंद आहे. फक्त हिरवा रंग जरा जास्तच हिरवा, आणि सगळ्या देशावरून इस्त्री फिरल्यासारखी.

नॉर्वेत फायदा भूगोलाचा. ऑनलाइन नकाशांची जी चौकटपद्धत आहे तीत ध्रुवाकडे जावं तसतशी जमीन ताणली जाते. त्यामुळे झूमच्या त्याच सतराव्या पायरीला विषुववृत्तावर एक पिक्सेल सुमारे १.१९ मीटरचा, पुण्याजवळ १.१३चा, तर ओस्लोपाशी साठ सेंटिमीटरचा. म्हणजे काही न करता नॉर्वे दुप्पट रेखीव. स्वित्झर्लंडची सरकारी चित्रं त्याहून कितीतरी बारीक, मैदानी भागात दहा सेंटिमीटरची, आणि मार्च २०२१पासून मोफत. पण आल्प्समध्ये एक गोष्ट खटकते. फोटोत सावल्या कायमच्या उमटलेल्या असतात. उत्तरेकडचे उतार काळे, आणि ते काळेच राहतात. सिम्युलेटरमध्ये सूर्य पश्चिमेला गेला तरी फोटोतला सूर्य हलत नाही.

आता सह्याद्री. ऑर्थोफोरएक्सपीत तुकड्याला त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून नाव मिळतं. +१८+०७३ म्हणजे अठरा उत्तर, त्र्याहत्तर पूर्व. या एका चौकोनात पनवेल, माथेरान, लोणावळा, पवना, मुळशी, पुणे, राजगड, तोरणा, रायगड, महाड असं सगळं मावतं. मराठी माणसाला इतका ऐवज एका फोल्डरमध्ये क्वचितच मिळत असेल. जुहूवरून उड्डाण घ्यावं, खाडी ओलांडावी, पनवेलवरून घाटाकडे नाक करावं. समोर येतो तो सह्याद्री तपकिरी.

कारण उघड आहे. भारतावरचे बहुतेक फोटो उपग्रहांचे. जून ते सप्टेंबर ढग खालचं काही दिसू देत नाहीत, ऑक्टोबरात हवा निवळते, आणि स्वच्छ चित्रं मिळतात ती हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणून सह्याद्रीवर कायम मार्च. धबधबे नाहीत. सावित्रीच्या पात्रात वाळू आणि डबकी. पवना-मुळशीच्या जलाशयांना पाणी उतरल्यामुळे उघड्या मातीची किनार. आणि जलाशयाचा आकार दुसऱ्या नकाशावरून घेतलेला असला, की सिम्युलेटरचं निळं पाणी त्या किनारीवर चढून बसतं. मुंबईच्या पूर्वेला भांडुप-मुलुंडकडची मिठागरं मात्र ऐन कामातली, करड्या-पांढऱ्या चौकटी स्पष्ट. मिठाचा हंगाम आणि उपग्रहाचा हंगाम एकच.

हा मार्च मी नुसता दोष म्हणून मोजणार नाही. गवत वाळलं की सह्याद्रीची बांधणी उघडी पडते. लाव्ह्याचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे बसलेले, आणि प्रत्येक पायरीच्या सपाटीवर झाडीची एक बारीक हिरवी रेघ. पावसाळ्यात हे सगळं हिरव्यात बुडून जातं. माथेरानचं पठार तेवढं काळपट हिरवं, कारण तिथलं जंगल मार्चातही पानं टिकवून असतं; आजूबाजूच्या तपकिरीत ते नेमकं उठून दिसतं. जरा खाली उतरलं की कोकणाच्या बाजूला भातखाचरांच्या कोपऱ्यांत लहान लहान काळे डाग दिसतात. तो राब. रोपं टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजलेली जागा. आणखी वर, डोंगरउतारांवर, वणव्याचे मोठे अनियमित काळे पट्टे. कॅन्ससच्या फोटोत पीक दिसतं, आपल्याकडच्या फोटोत पेरणीची तयारी. मला हे वाचायला कॅन्ससइतकंच आवडतं. मुंबईच्या वस्त्यांवर निळ्या ताडपत्र्यांचे ठिपके दिसतात, तीच काय ती या कोरड्या चित्रातली पावसाची खूण.

खरी अडचण जुलैत होते. आजकालचे सिम्युलेटर प्रत्यक्ष हवामान आणून घालतात. पुण्याच्या विमानतळावर पाऊस असेल तर पडद्यावर पाऊस, घाटावर ढग उतरलेले, काचेवर थेंब. आणि त्या धो धो पावसाखाली सह्याद्री कोरडाठाक, गवत वाळलेलं, एकही ओढा वाहत नाही. ज्याने एकदा तरी पावसाळ्यात घाट पाहिला आहे, त्याला हे दृश्य सहन होणार नाही.

दुसरी अडचण कोकणकड्याची. हरिश्चंद्रगडाचा हा कडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि आत वळलेला आहे. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे पुष्कळसे उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेला. म्हणजे सह्याद्रीचा कोकणाकडे बघणारा सगळा कडा सावलीत. वरून घेतलेल्या फोटोत उभ्या भिंतीच्या वाट्याला जेमतेम चार पिक्सेल येतात, तेही काळे. आणि सिम्युलेटर ते चार पिक्सेल शेकडो मीटर खाली ओढून ताणतो. त्यात उंचीची माहिती बहुधा फेब्रुवारी २०००मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने रडारने मोजलेली, साधारण तीस मीटरच्या अंतराने एक आकडा देणारी. एवढ्या विरळ जाळ्यात आत वळलेला कडा बसत नाही, त्याचा नुसता तीव्र उतार होतो. संध्याकाळी कोकणातून पूर्वेकडे उडत यावं, मावळतीचं ऊन समोरच्या कड्यावर पडावं, आणि कडा मख्ख काळा. भारतातल्या सगळ्या फोटोसीनरीत मला सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटतं ते इथे.

घरांबद्दल थोडक्यात. फोटोवर उभी करायची घरं कुठून येतात, यावर सगळं अवलंबून. एक्स-प्लेनच्या मूळ साठ्यात अमेरिकी उपनगरांची छाप असलेली घरं आहेत, ती रायगडच्या पायथ्याशीही उभी राहतात. २०२०च्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरने हे काम ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ‘ब्लॅकशार्क’ कंपनीकडून करून घेतलं. तिचा संगणक फोटोतली छपरं ओळखून इमारती उभारतो. सुट्या सुट्या छपरांच्या युरोपी गावात हे छान जमतं. छपराला छप्पर लागलेल्या वस्तीत तो गोंधळणारच. अर्थात श्रीमंत देशांतही फजिती झाली. लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या जागी कार्यालयाची इमारत उभी राहिली होती, आणि मेलबर्नच्या एका उपनगरात दोनऐवजी दोनशे बारा मजले टाइप झाल्याने आकाशाला भिडणारी एक सुळक्यासारखी इमारत आली. पण मायक्रोसॉफ्टने सुधारणांचे मोफत संच काढायला घेतले तेव्हा पहिला जपानचा, मग अमेरिकेचा, मग ब्रिटन-आयर्लंडचा, मग फ्रान्स आणि शेजाऱ्यांचा. जिथे सरकारी चित्रं बारीक आणि खुली, आणि गिऱ्हाईक जास्त, तिथे आधी.

कायद्याचाही हात आहे. इस्रायलवरची चित्रं अमेरिकी कंपन्यांनी एका मर्यादेपेक्षा बारीक विकू नयेत असा कायदा अमेरिकेने १९९६मध्ये केला होता. २०२०पर्यंत ती मर्यादा दोन मीटरची होती. आपल्याकडे विमानातून फोटो काढायला संरक्षण खात्याची परवानगी लागत आली. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्याची बरीच मोकळीक दिली, मात्र एक मीटरपेक्षा अचूक माहिती भारतीयांनीच तयार करावी आणि बाळगावी अशी अट घातली. परदेशी सिम्युलेटर कंपनी सह्याद्रीसाठी फार काही करील, ही आशा म्हणूनच मी धरत नाही.

करता येण्यासारखं मात्र आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह दर काही दिवसांनी सह्याद्रीवरून जातात आणि त्यांची चित्रं मोफत मिळतात. एक पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे राबाचा डाग दिसणार नाही. पण रंग मिळेल. सप्टेंबरअखेरीच्या एखाद्या उघडिपीचा हिरवा रंग घ्यावा आणि मार्चच्या बारीक फोटोवर चढवावा. डोंगरउतार, खाचरं, पठारं यांचे हिरवे निरनिराळे, ते तिथे आपोआप मिळतील. पुण्या-मुंबईत प्रतिमांवर काम करणारी आणि सिम्युलेटर उडवणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांतल्या कोणीतरी +१८+०७३ हा तुकडा घ्यावा, आणि जुलैत वापरता येईल असा एक संच करून तो सगळ्यांना खुला करावा.