कॅनॉपिक कुंभाची मुद्रणक्षम प्रतिकृती : एक चिकित्सा

प्राचीन इजिप्तमध्ये मृताचे यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी जतन करण्यासाठी चार कुंभ थडग्यात ठेवीत. अशा कुंभाची त्रिमितीय मुद्रणासाठी प्रतिकृती रचताना छायाचित्रांवरून प्रतिमान सिद्ध केल्यास केवळ बाह्य पृष्ठभाग हाती लागतो. पोकळीचा आकार व भिंतीची जाडी रचनाकारालाच ठरवावी लागते. वस्तुतः कुंभाचे प्रयोजन त्या पोकळीतच होते. तथापि एक मौजेची गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. २१ व्या राजघराण्याच्या काळात अवयव पुन्हा देहातच ठेवण्याची प्रथा रूढ झाली, तरी कुंभ ठेवले जातच राहिले. त्यांपैकी काही तर चक्क भरीव होते. म्हणजे नुसत्या बाह्यरूपाची प्रतिकृती इजिप्शियनांनीच प्रथम केली! तेव्हा भरीव मुद्रणाला सरसकट दोष देता येत नाही. आक्षेप आहे तो कालविपर्यासाला. प्राचीनतम कुंभांची झाकणे साधी होती, मध्य राज्यकाळात ती मानवी मुखांची झाली. बॅबून, कोल्हा व ससाणा यांची मुखे १८ व्या राजघराण्याच्या अखेरीपासून प्रचारात आली. मध्य राज्यकाळाच्या कुंभावर कोल्ह्याचे मुख बसविलेली प्रतिकृती अध्यापनसाहित्य म्हणून स्वीकारता येणार नाही.