भरीव वेळूची काठी

चिचगडच्या आसपास, देवरी तालुक्यातल्या जंगलात, कोरड्या मुरमाड उतारावर वाढलेला वेळू आतून जवळजवळ भरीव निघतो. चालण्याच्या काठीची सारी श्रीमंती या भरीवपणात आहे. पोकळ बांबू टेकला की खडखडतो. भरीव वेळूचा आवाज बसका येतो, आणि खाली खडक आहे की भुसभुशीत माती, ते तळहाताला लगेच कळतं.

अशी काठी ओळखणं हीच मोठी विद्या. वेळूचा कोंब जमिनीतून पूर्ण जाडी घेऊनच येतो, एका हंगामात पूर्ण उंची गाठतो आणि पुढची दोन-तीन वर्षं नुसता घट्ट होत जातो. त्यामुळे कोवळा आणि पिकलेला वेळू मापाला सारखाच. जाणकार मात्र अंगावरची पांढरी पूड उडाली का, पेरांवरची आवरणं गळली का, ते पाहतो. तोड हिवाळ्यातली हवी; तेव्हा वेळूत साखर-पिष्ट कमी असतं, म्हणून कीड कमी लागते. घ्यायचा तो बुंध्याकडचा भाग, कारण तिथली पेरं आखूड आणि दाट असतात. मग शेक देऊन बाक काढायचा, डोळे तासायचे, तेल चोळायचं. झाली काठी! निवड एवढी कसोशीची आणि हत्याराचं काम एवढं थोडं, हे मला फार सुंदर वाटतं.

तिच्यावर काहीच कोरलेलं नसतं, म्हणून अर्थ हाताकडून येतो. म्हाताऱ्याला ती मनगटाच्या घडीपर्यंत पुरते. रानात जाणाऱ्याला छातीएवढी लागते, झुडूप सारायला, ओढ्याचं पाणी जोखायला. गुराख्याच्या हातात ती धाक असते. दिवाळीत गोवारी बांधव ‘ढाल’ म्हणून बांबूच उभारतात आणि त्याची पूजा करतात. जुहूच्या किनाऱ्यावरचं 1937 सालचं छायाचित्र आठवा: गांधीजींच्या काठीचं पुढचं टोक नातवाच्या हातात आहे आणि तो आजोबांना ओढत नेतो आहे. ‘म्हातारपणाची काठी’ आपण लेकरांना म्हणतो. इथे लेकरू आणि काठी दोन्ही एका ओळीत चालताना दिसतात.

पितळी मुठीची नक्षीदार काठी तिच्या मालकाची ऐपत सांगते. भरीव वेळूची काठी पुढच्या कुठल्याही हाताला मोकळी राहते, म्हणून मी तिला वरचा मान देतो.