प्रजापतीचे उच्च वातावरण : १९७७ च्या पिधानाचे फेरमूल्यमापन

प्रजापति, म्हणजे पंचांगांतील हर्षल, या ग्रहाची कडी १० मार्च १९७७ रोजी योगायोगाने सापडली, असे सर्रास लिहिले जाते. या विधानाने मूळ संशोधनाचा हेतू झाकला जातो. त्या रात्री निरीक्षकांना ग्रहाचे उच्च वातावरण अभ्यासावयाचे होते.

तारा ग्रहाआड जाताना एकदम विझत नाही. कोपरीच्या खाडीकाठावरून क्षितिजालगतचा चंद्र ज्या वक्रीभवनामुळे चपटा दिसतो, त्याच वक्रीभवनाने ताऱ्याचे किरण ग्रहाच्या विरळ वायूत वाकून पसरतात व प्रकाश क्रमाने मंदावतो. त्यावरून उंचीबरोबर घनता किती झपाट्याने घटते हे कळते. मात्र या पद्धतीने तापमान व सरासरी रेणुभार यांचे गुणोत्तरच हाती येते. हायड्रोजन व हीलियम यांचे प्रमाण गृहीत धरल्याविना तापमान निश्चित होत नाही.

जेम्स एलियट व सहकाऱ्यांनी विमानातील दूरदर्शकातून दक्षिण हिंदी महासागरावर हे पिधान टिपले. तमिळनाडूतील कवलूर ग्रहाच्या छायेबाहेर राहिले. तेथे जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी यांना १०२ सेंटिमीटर व्यासाच्या दूरदर्शकातून तारा काही क्षण मंदावलेला आढळला. त्याचा अर्थ त्यांनी प्रथम नवा उपग्रह असा लावला. नोंद अचूक होती. अर्थ मात्र प्रचलित समजुतीने संकुचित केला, कारण तोवर कडी केवळ शनीचीच ठाऊक होती. विमानातील नोंदीत ग्रहाच्या दोन्ही बाजूंस जुळणारे खंड दिसले व कडी सिद्ध झाली. पुढे त्याच वर्षी भट्टाचार्य व वेणू बाप्पू यांनी कवलूरच्या नोंदीचा कड्यांच्या दृष्टीने पुनर्विचार केला.

मूळ प्रश्न मात्र मागे पडला. २४ जानेवारी १९८६ रोजी जवळून गेलेल्या व्हॉयेजर २ ला पिधानाने तपासलेल्या थरांच्याही वर सुमारे ८०० केल्व्हिन तापमान आढळले. सूर्यापासून पृथ्वीच्या एकोणीसपट दूर असलेल्या ग्रहावर एवढी उष्णता केवळ सूर्यप्रकाशाने संभवत नाही. १९९२ पासूनच्या अवरक्त वेधांनी तर हे उच्च वातावरण दशकानुदशके निवत असल्याचे दाखविले. सौरवाताचा घटता दाब हे त्याचे एक सुचविलेले कारण होय.

एका रात्रीचे पिधान हे एका थराचे, एका क्षणाचे माप असते. बदलत्या वातावरणाविषयी त्यावरून कायमचा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे. कड्यांचे कोडे त्याच वर्षी सुटले. ज्यासाठी दूरदर्शक रोखले गेले होते, तो प्रश्न अद्यापि उभा आहे.