करार, व्याकरण आणि पूर्ततेचा प्रश्न

मराठी बायबलाचे दोन भाग ‘जुना करार’ व ‘नवा करार’ या नावांनी ओळखले जातात. ‘करार’ म्हटले की दोन पक्ष, अटी आणि देवघेव डोळ्यांपुढे येते. आणि हा ईश्वराशी केलेला सौदा होय, असा निष्कर्ष बौद्ध वाचक सहज काढतो. मूळ ग्रंथ मात्र या निष्कर्षाला पुरता आधार देत नाही.

सीनाय पर्वतावरील करारात आज्ञापालनाची अट आहे, हे खरे. परंतु उत्पत्तीच्या १५व्या अध्यायातील करार निराळा आहे. अब्राहाम पशू चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. अशा भागांमधून जाणाऱ्याने वचन मोडल्यास त्याचीही तीच गत व्हावी, हा या विधीचा अर्थ यिर्मयाच्या ३४व्या अध्यायावरून उलगडतो. येथे अब्राहाम गाढ निद्रेत आहे. भागांमधून जाते ती धुमसती भट्टी व पेटती मशाल, म्हणजे परमेश्वराची खूण. बांधला जातो तो वचन देणाराच.

वचनाचा भार देणाऱ्यावर असला की ते फळाला न आल्यास जाबही त्यालाच विचारावा लागतो. दावीदाचे सिंहासन अढळ राहील, असे वचन होते. इसवी सन पूर्व ५८७-८६च्या सुमारास यरुशलेम पडले आणि ते सिंहासन गेले. स्तोत्रसंहितेतील ८९वे स्तोत्र आरंभी त्या वचनाची स्तुती करते आणि पुढे परमेश्वरावरच करारभंगाचा आरोप ठेवते. त्याला उत्तर मिळत नाही. ही तक्रार पवित्र ग्रंथात जपून ठेवली गेली, यात यहुदी परंपरेचा मोठेपणा आहे.

नव्या करारातील इब्री लोकांस पत्र हा प्रश्न मिटवू पाहते. यिर्मयाने ३१व्या अध्यायात हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराविषयी सांगितले. ते वचन इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांना होते. पत्रकर्ता ते विस्ताराने उद्धृत करतो, ख्रिस्ताच्या ठायी ते पूर्ण झाल्याचे मांडतो आणि पहिला करार जीर्ण ठरवतो. वचन घेणाराच बदलून दाखवलेल्या पूर्ततेला पूर्तता म्हणावे काय? स्वतः पौल रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात परमेश्वराने इस्राएलला दिलेली देणगी मागे घेतली जात नाही, असे बजावतो. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविषयीच्या घोषणेत याच विचाराचा आधार घेतला.

पालि परंपरेतील ‘व्याकरण’ हे असे वचन नव्हे. बुद्धवंसात दीपंकर बुद्ध सुमेध तापसाच्या भावी बुद्धत्वाचे भाकीत करतात. स्वतःवर कोणतेही बंधन घेत नाहीत. त्यानंतर दहा पारमिता शोधून काढतो तो सुमेधच, आणि त्या पूर्ण करण्याचे दीर्घ कष्टही त्याचेच. म्हणून येथे दीपंकरांना जाब विचारण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. भगवान बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हा बाबासाहेब आंबेडकरांनी ठळकपणे मांडलेला भेद या ठिकाणी नेमका लागू पडतो.

तथापि हा भेद आपल्याच आचरणात टिकला आहे काय, हेही तपासले पाहिजे. मेत्तेय्य बुद्धाच्या आगमनाकडे हमी म्हणून पाहणारे आणि तोवर स्वस्थ बसणारे आपल्यातही आहेत. ते भाकीत दीघनिकायातील ज्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात येते, त्याचा आरंभ व शेवट ‘अत्तदीप’ होण्याच्या उपदेशानेच होतो. ज्याने मधले भाकीत तेवढे उचलले आणि दोन्ही टोकांचा उपदेश सोडला, त्याला इतरांच्या कराराला सौदा म्हणण्याचा अधिकार उरत नाही.